नाव कोणतं लिहू?

सभासद नोंदवहीत पहिला रकाना अनुक्रमांकाचा आणि दुसरा नावाचा. गावातल्या महिला संघटनेत नवी बाई सभासद व्हायला येते तेव्हा सगळं या दुसऱ्या रकान्यापाशी अडतं. "ताई, नाव सांगा," म्हटलं की उत्तर येतं, "लिहा की, वाड्यामागच्या घरातली धाकटी सून." नाहीतर थोरल्या पोराचं नाव घेऊन "त्याची आई". पुन्हा विचारलं तर ती उलट विचारते, "कोणतं लिहू? माहेरचं की हितलं?" तिचं विचारणं खरंच आहे. रेशनकार्डावर तिचं एक नाव असतं, आधारवर दुसरं, मतदार यादीत तिसरं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव शाळेच्या दाखल्याशी कधीच जुळत नाही.

संघटनेचं काम करणाऱ्या बायका नव्या लिहिणारीला सगळ्यात आधी हेच शिकवतात. आधारवर जे नाव आहे ते अक्षरन् अक्षर उतरवायचं. त्याखाली माहेरचं नाव, आणि त्याखाली गावात ज्या नावाने हाक मारतात ते. तिन्हींसाठी रकाना उंच आखावा लागतो, म्हणून एका पानावर दहाच ओळी बसतात. कागद जास्त लागला तरी चालेल. नावाआधी "सौ." किंवा "श्रीमती" अजिबात लिहायचं नाही. बाईचा नवरा हयात आहे की नाही, याच्याशी नोंदवहीला काही देणंघेणं नाही, हे पहिलं कारण. दुसरं कारण रोकडं आहे. आज "सौ." म्हणून नोंदलेली बाई पाच वर्षांनी "श्रीमती" झाली, तर बँकेतला कारकून तीच बाई दोन वेगळ्या म्हणून बाजूला काढतो आणि तिला हेलपाटे घालायला लावतो.

सही येत नसेल तर डावा अंगठा. पॅडवर तो दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. कागदावर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच फिरवायचा, म्हणजे रेषा उमटतात. शाई जास्त झाली की सगळा ठिपका होतो. भांडी घासून, निंदणी-खुरपणी करून ज्यांचे अंगठे झिजलेत त्यांचा ठसा पुसटच येतो. मग शेजारी दुसरा घ्यायचा, पण पहिला खोडायचा नाही. बाजूला "निशाणी डावा अंगठा", खाली बाईचं पूर्ण नाव आणि ते जिने लिहिलं तिचं दस्तूर, म्हणजे तिची सही. जिला सही येते तिच्यापुढे "दस्तूर खुद्द", म्हणजे स्वतःच्या हातची सही. वर्षभराने तीच बाई अंगठ्याच्या जागी वाकडीतिकडी सही करू लागली, की तारीख घालून तशी वेगळी नोंद करावी. नाहीतर पुढे एखाद्या अर्जाची पडताळणी निघते तेव्हा जुना अंगठा आणि नवी सही समोरासमोर येतात, आणि साहेब विचारतो, "यातली खरी कोणती?"

संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा किमान सात जणी मागतो. महाराष्ट्रात ही नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली संस्था न्यास म्हणूनही नोंदवली जाते. सात नावं, संघटनेची घटना, उद्देश, पत्ता इतकं जमवायला फार दिवस लागत नाहीत. वेळ लागतो तो सात जणी खऱ्या मिळवायला. एकाच घरातल्या तिघी जावा आणि सासू मिळून चार झाल्या, तर कागद पुरा होतो पण संघटना त्या घराची होते. एका घरातली एकच पदाधिकारी, असं कलम घटनेत पहिल्या दिवशीच घालून ठेवावं. नंतर ते घालायला गेलं की कुणाच्या तरी घरावर बोट ठेवल्यासारखं होतं आणि बैठक मोडते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हा अर्ज राहून गेलेल्या संस्था तालुक्यागणिक सापडतील. कागदोपत्री अध्यक्षबाई दहा वर्षांपूर्वीच्याच असतात, आणि अनुदानाचा किंवा बँकेचा प्रश्न आला की आजच्या अध्यक्षबाईंना आपण कोण हे सिद्ध करत फिरावं लागतं.

बचत गट आणि संघटना यांत लोक नेहमी गल्लत करतात. बचत गटात दहा ते वीस बायका असतात, दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली बचत असते, अंतर्गत कर्ज असतं, परतफेड असते. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने म्हणजे माविमने आणि पुढे 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने हे जाळं गावोगाव विणलं. त्याची ताकद मोठीच आहे. पण गटात शिरायला हातात नियमित पैसा लागतो, आणि जिच्याकडे तो नाही ती गटाबाहेर राहते. मारहाण झालेली, घरातून काढलेली, दुसऱ्याच्या शेतावर राबणारी एकटी बाई नेमकी हीच असते. गटाची यादी उचलून ती संघटनेची यादी म्हणून लावली, तर जिच्यासाठी संघटना काढली तीच बाहेर राहिली.

म्हणून वर्गणी. ती किती ठेवायची यावर बैठकीत तासभर वाद होतो, पण खरा मुद्दा ती कधी आणि कशी घ्यायची हा असतो. १८६० च्या कायद्याच्या पंधराव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत नाही आणि ती सभासद म्हणून मोजलीही जात नाही. शहरात या कलमाचं कुणाला फारसं काही वाटत नाही. बीड, अहिल्यानगर, धाराशिव पट्ट्यातल्या गावात मात्र हे कलम अर्ध्या बायकांना बाहेर काढू शकतं. दसरा-दिवाळीला गाड्या भरल्या की ऊसतोडीला गेलेली बाई उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. वर्गणी दरमहा पाच रुपये ठेवली, तर ऑक्टोबरात गेलेली बाई फेब्रुवारीत सभासद उरत नाही, आणि मार्चअखेरीच्या सभेत मत गावात राहिलेल्यांचंच चालतं. पाच रुपयांची ही वर्गणी दिसायला गरिबाच्या बाजूची वाटते. वर्षाचे साठ रुपये एकदम, तेही उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, हातात पडते त्या आठवड्यात घेतले, तर ती वर्षभर सभासद राहते. वार्षिक सभा मे महिन्यात, ऊसतोडीची जोडपी परतल्यावर आणि पेरणीआधी ठेवायची.

उचलीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगायला हवा. ऊसतोडीत एक 'कोयता' म्हणजे नवरा आणि बायको दोघं. उचल दोघांच्या कामावर मिळते, पण मुकादमाच्या, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत बहुतेक वेळा नाव एकट्या नवऱ्याचं असतं. पहाटे उठून भाकऱ्या थापून फडात उतरणारी, मोळ्या बांधणारी, डोक्यावरून गाडीत भरणारी बाई त्या हिशेबात अर्धा कोयता असते आणि तिचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. काही ठिकाणी संघटना बायकांना एक साधी वही देते. तारीख, फड, किती टन, किती खाडे. मुकादमाची वही एकीकडे, ही दुसरीकडे. हंगाम संपल्यावर हिशेब करायला बसताना ही दुसरी वही समोर असली की आकडे वेगळे निघतात.

बैठक जमिनीवर, जाजमावर बसून घ्यावी. पदाधिकाऱ्यांना खुर्च्या मांडल्या की खाली बसलेल्या बोलत नाहीत. यामागे फार जुनी गोष्ट आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या महिला सेवा मंडळाने १८५२ च्या जानेवारीत पुण्यात तिळगूळ समारंभ केला. सर्व जातींच्या बायका एकाच जाजमावर बसतील आणि हळदीकुंकू देताना भेद होणार नाही, असं त्याच्या निमंत्रणातच सांगितलं होतं. आजही संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत संघटनेच्या पत्रिकेत "सुवासिनींनी यावे" असा शब्द कुणीतरी सवयीने घालतं, आणि तेवढ्याने गावातल्या विधवा घरी थांबतात. तो शब्द काढला म्हणजे काम झालं असंही नाही. दारात उभं राहून प्रत्येकीला कुंकू लावणारी असली की एकटी बाई दारातच थबकते. त्यापेक्षा करंडा तबकात ठेवावा, जिला लावायचंय ती स्वतः लावेल. वाण मात्र सगळ्यांच्या हातात सारखंच द्यावं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तसं परिपत्रक काढलं. ठराव वाचून दाखवायला दोन मिनिटं लागतात. तबक कुठे ठेवायचं आणि दारात कोण उभी राहील, हे आदल्या दिवशी ठरवून ठेवावं लागतं.

इतिवृत्त त्याच रात्री लिहावं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की कोण काय बोललं हे विसरतं आणि मग लिहिणारीला जे पटलं ते उरतं. मधे रिकाम्या ओळी राहिल्या तर त्यांवर तिरपी रेघ मारावी. पुढल्या बैठकीत आधी मागचं वाचून दाखवायचं, वाचता न येणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. बँकेचं खातं तिघींच्या नावे, पैसे काढायला कुणाही दोघींच्या सह्या, हे बहुतेकींना माहीत असतं. राहून जातो तो मोबाइल नंबर. खात्याला अध्यक्षबाईंच्या मुलाचा नंबर जोडलेला असतो, मेसेज त्याला जातात, ओटीपी त्याला येतो, आणि संघटनेत किती पैसे आहेत हे सगळ्यात आधी घरातल्या पुरुषाला कळतं. पुरुषांना हितचिंतक म्हणून घ्यायला काहीच हरकत नसावी. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही पुरुषांची संस्था बायकांवरच्या हिंसेविरुद्ध काम करते आहे. पण हितचिंतकाला मत नसावं, आणि "मी तिच्या वतीने सांगतो" म्हणणाऱ्या नवऱ्याला बैठकीबाहेर चहा द्यावा.

आता घरावरच्या नावाकडे येऊ. वर्षभराच्या कामात याइतकं लांबणारं आणि याइतकं टिकणारं दुसरं काम नाही. जमिनीसाठी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची चळवळ शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती' या नावाने उभी केली, आणि १९९२ मध्ये शासनाने नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची योजना काढली. घरासाठी २००३ चा शासन निर्णय आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये पती-पत्नी दोघांची नावं लावण्याचा. गावात लोक या उताऱ्यालाही 'आठ-अ' म्हणतात, त्यातून पहिला घोळ होतो. तलाठ्याकडचा ८-अ म्हणजे शेतजमिनीचा खाते उतारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंदवही. बाई तलाठ्याकडे जाते, तो म्हणतो इथे होत नाही, आणि ती घरी परतते.

अर्ज नवऱ्याने करायचा किंवा त्याची लेखी संमती लागते. सोबत दोघांचे आधार, रेशनकार्डाची प्रत आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती. घरपट्टी थकलेली असेल तर अर्ज तिथेच थांबतो, म्हणून मोहीम मार्चनंतर, वसुली झाल्यावर सुरू करावी. अर्जाची पोच घ्यावी, आवक क्रमांक असलेली, नुसता शिक्का नको. मग विषय मासिक सभेत मंजूर व्हावा लागतो. मंजूर झाल्यावर नवा उतारा हातात घेऊन तिथेच, टेबलासमोर उभं राहून वाचायचा. नमुना ८ मध्ये मालकाच्या नावाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा, म्हणजे घर वापरणाऱ्याचा, वेगळा. बाईचं नाव पुष्कळदा भोगवटादाराच्या रकान्यात टाकून मोकळे होतात. घरी नेलेला उतारा फ्रेम करून भिंतीवर लावला जातो, आणि त्यावर तिला मालक कुठेच म्हटलेलं नसतं.

घर सासऱ्याच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद, मग पुढचं. गावठाणाचं भूमापन होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आली असेल, स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत ती येते, तर तिथली नोंद वेगळ्या कार्यालयाची. नमुना ८ बदलला म्हणून मिळकत पत्रिका बदलत नाही. आणि हे बायकांना पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगायला हवं की नमुना ८ हा कराचा उतारा आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. मोहिमेचा उत्साह टिकावा म्हणून हे झाकून ठेवणं म्हणजे तिला फसवणं. तरी तो हवाच. तिला न विचारता घर गहाण टाकायला निघालेल्या माणसाला उताऱ्यावरच्या दुसऱ्या नावापाशी थांबावं लागतं. आणि उतारा असो वा नसो, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या सतराव्या कलमाने तिला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, मालक कुणीही असला तरी.

दारूच्या दुकानाचा प्रश्न निघाला की नावाचं हेच काम गावभर करावं लागतं. 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाचे नियम २००८ चे. आधी गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन, मग त्या सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. एकूण म्हणजे यादीतल्या एकूण. मोहीम फसते ती इथेच. समजा यादीत १,२०० बायका आहेत. निवेदनाला ३०० सह्या लागतील, त्या चार दिवसांत होतात आणि सगळ्यांना वाटतं जिंकलोच. पण मतं लागतात ६०१. यादीत १४० नावं मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या लेकींची आणि पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांची असतील, तर गावात उरल्या १,०६० आणि त्यांतल्या ६०१ जणी बाहेर पडायला हव्यात, म्हणजे शंभरातल्या ५७. मतदान ऊसतोडीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत लागलं तर हा आकडा गाठणं जवळजवळ अशक्यच. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी हातात घेऊन गल्लोगल्ली फिरायचं. गेलेल्यांची नावं कमी करायला नमुना ७, चुकीची नावं दुरुस्त करायला आणि पत्ता बदलायला नमुना ८ (हा निवडणूक शाखेचा, ग्रामपंचायतीचा नव्हे), कुठल्याच यादीत नाव नसलेल्या नव्या सुनांसाठी नमुना ६. यादी शुद्ध झाली की निम्मी लढाई सोपी होते. निवेदनावर प्रत्येकीचा यादीतला अनुक्रमांक आणि नाव यादीत आहे तसंच लिहावं, चूक असली तरी चुकीचंच. या मतदानाने परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टी बंद करण्यासाठी पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याच्या मागेच लागावं लागतं, ते काम वेगळं.

आतापर्यंत नाव लिहिण्याचं सांगितलं. एका कपाटात मात्र नाव लिहायचं नसतं. मार खाऊन आलेली बाई पहिल्यांदा बोलते तेव्हा तिच्यासमोर दोघीच असाव्यात, एक ऐकणारी आणि एक लिहिणारी. "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न कुणाच्याही तोंडून येऊ नये. पहिला प्रश्न असा: आज रात्री घरी परत जाणं सुरक्षित आहे का? दुसरा, फोन कुणाच्या हातात असतो? तो नवऱ्याच्या हातात असेल तर संघटनेतून फोन करायचा नाही, निरोप ठरलेल्या शेजारणीकडून. मग कागद. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, पासबुक, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, यांचा एक संच घराबाहेर, भरवशाच्या ठिकाणी. जखमा असतील तर सरकारी दवाखाना आधी, बाकी सगळं नंतर. तिची हकीकत तिच्याच शब्दांत लिहायची. "घरगुती वाद" असा शब्द वापरला की पुढच्या प्रत्येक कागदावर तोच उतरतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे कौटुंबिक घटना अहवाल, तिथून न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं २००५ चा तोच कायदा म्हणतो. हे तिला सांगावं, पण त्या साठ दिवसांवर तिने संसार मांडू नये हेही सांगावं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चांगल्या हेतूने. चार प्रतिष्ठित माणसं जमवून, स्टॅम्प पेपरवर समेट. नवऱ्याने लिहून द्यायचं की पुन्हा हात उचलणार नाही, आणि तोल साधायला बायकोने लिहून द्यायचं की नीट वागेन, उलट बोलणार नाही. पुढे कोर्टात हाच कागद तिच्या विरोधात वाचला जातो, तिने चूक कबूल केल्याचा पुरावा म्हणून. संघटनेच्या छापील कागदावर असा समेट कधीही करू नये.

या फायलीवर नावाऐवजी क्रमांक असतो, उदाहरणार्थ ७/२०२५. इतिवृत्तात "एका बाईच्या अर्जावर चर्चा झाली" एवढंच लिहायचं, गाव-गल्लीही नाही, कारण लहान गावात गल्ली लिहिली की नाव लिहिल्यासारखंच. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि वार्षिक अहवालातल्या मोठ्या फोटोच्या हौसेपोटी तो नकळत घडू शकतो. कोणता क्रमांक कुणाचा, याची यादी एकाच पानावर, वेगळ्या पाकिटात, कपाटात. कपाटाला दोन कुलुपं, किल्ल्या दोघींकडे. कार्यकारिणी बदलते तेव्हा पावती पुस्तकं, शिक्के, पासबुक यांची यादी होते, आणि किल्ल्यांचं घाईत राहून जातं. ती नोंद त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर घ्यायची: कपाटाची एक किल्ली दिली, एक घेतली, तारीख, आणि खाली दोघींचं दस्तूर खुद्द.